नवव्या मजल्याचे गेट

जबाब देणार: बांधकामावरील लिफ्टचालक, स्त्री, वय ४१ वर्षे, शिक्षण आठवीपर्यंत, राहणार कालव्यालगतची कामगार वसाहत, खोली क्र. १७. ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. साइटवर मला सगळे 'वहिनी' म्हणतात, कारण माझा सख्खा दीर त्याच साइटवर होता आणि त्याचे ऐकून इतरांनाही तीच सवय लागली.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, मला विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, सासूबाई व दोन मुली असे राहतो. माझा दीर आमच्याकडेच राहत होता. पती दूध डेअरीत गाडीवर आहेत. मी गेली सहा वर्षे बांधकामाची लिफ्ट चालवते. ही लिफ्ट इमारतीच्या बाहेरून, लोखंडी खांबावर वर-खाली जाते. पिंजऱ्यात बारा माणसे किंवा तेवढ्या वजनाचा माल जातो. प्रत्येक मजल्यावर तिचे एक जाळीचे गेट असते. ते गेट फक्त पिंजऱ्यातून उघडते व पिंजऱ्यातूनच बंद होते. म्हणजे ते माझ्याच हातात असते.

सदर इमारत चौदा मजल्यांची असून तिचे बारा स्लॅब झाले आहेत. काम सुरू झाले तेव्हा सेफ्टी साहेबांनी सगळ्यांना पत्र्याच्या ऑफिसात बसवून आगीचा प्लॅन समजावून सांगितला होता. सेफ्टी साहेब म्हणजे कंपनीचे सुरक्षा अधिकारी. त्यांच्याकडे एकूण तीन साइट होत्या. इमारत पुरी झाल्यावर आगीसाठी जे लागते ते तर करायचेच, पण इमारत उभी राहतानाही ते तिच्याबरोबर वर चढले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. पाण्याचा उभा पाइप वरच्या स्लॅबच्या दोन मजल्यांपेक्षा जास्त मागे राहता कामा नये. पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन्ही जिने रिकामे असले पाहिजेत. वेल्डिंग संपल्यावर एका माणसाने तिथेच अर्धा तास बसून राहायचे. सायरन झाला की मेन स्विच बंद करायचा, आणि लिफ्ट खाली आणून तिला कुलूप लावायचे. हा कागद ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावला होता.

त्या बैठकीत मी एकच विचारले होते. "साहेब, मेन बंद केला आणि पिंजऱ्यात माणसं असली, तर?" त्यावर साइट सुपरवायझर हसून म्हणाले, "वहिनी, आग लागली की तुम्ही सुट्टीवर. काळजी करू नका." सगळे हसले. मीही हसले. सेफ्टी साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतले आणि लिफ्टला वेगळी लाइन लागेल असे म्हणाले. ती लाइन आली नाही. मी पुन्हा विचारले नाही.

माझा दीर पाइपफिटर होता, वय २६ वर्षे. आगीच्या पाण्याचा पाइप त्याच्याकडे होता. त्याला या साइटवर मीच लावले. तो आधी दुसरीकडे कामाला होता, तिथून यायला त्याला उशीर व्हायचा आणि जेवण चुकायचे, म्हणून मी सुपरवायझरना विनंती केली होती.

पाइप सहाव्या मजल्यापर्यंत आला होता. त्यापुढचे पाइप साइटवर आले नव्हते. दीर दर सोमवारी ऑफिसात जाऊन विचारायचा. पिंजऱ्यात येता-जाता मला म्हणायचा, "वहिनी, बिल्डिंग पुढं पळतेय आणि माझा पाइप अजून घरात चप्पल शोधतोय." पाइप नसल्याने त्याला नवव्या मजल्यावर मोरीच्या नळांचे काम दिले होते.

घटनेच्या आधी तेवीस दिवस, खालच्या शेडमध्ये टाइल्स आल्या म्हणून तिथल्या फोमच्या शीट पूर्वेच्या जिन्यात रचायला सांगितले. या शीट बाहेरच्या भिंतींना लावायच्या होत्या. त्या वर मीच नेल्या. एकूण अकरा खेपा झाल्या, लिफ्टच्या रजिस्टरमध्ये माझी सही आहे. मी सुपरवायझरना म्हटले होते, "जिना रिकामा ठेवायचा लिहिलंय ना?" ते म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न आहे, उचलतो." चौथ्या मजल्यापासून आठव्यापर्यंत तो जिना भरला होता.

या महिन्याच्या ११ तारखेला, मंगळवारी, मी नेहमीप्रमाणे सकाळी ८ वाजता कामावर हजर झाले. सातव्या मजल्यावर पूर्वेच्या जिन्याजवळ रेलिंगचे वेल्डिंग चालू होते. सेफ्टी साहेब त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होते. सकाळी ११.४० वाजता सायरन वाजला तेव्हा पिंजरा खालीच होता आणि मी एकटी होते. वर पाहिले तर सातव्या मजल्यावरून काळा धूर निघत होता. सुपरवायझर ऑफिसमधून ओरडले, "लिफ्टला कुलूप लाव!" मी कुलूप हातात घेतले होते.

सातव्यावरचे वेल्डिंगवाले आणि त्याखालचे सगळे लोक पश्चिमेच्या जिन्याने उतरले. वर फक्त नवव्या आणि बाराव्या मजल्यावर काम चालू होते. जिन्यांना अजून दरवाजे बसले नव्हते, त्यामुळे सातव्यावरचा धूर पश्चिमेच्या जिन्याने वर चढला.

११.४३ वाजता दिराचा मला फोन आला. तो शांत होता. आमचे बोलणे असे झाले.

"वहिनी, जिन्यात धूर आहे. उतरता येत नाही. लिफ्ट चालू आहे का?"

"आहे. येते मी. गेटपाशी थांब."

"आधी बारावर जा. प्लास्टरवाल्या बायका आहेत तिथं. आम्ही इथं चौघंच आहोत. येताना घे आम्हाला."

"आधी तुला घेते ना, वाटेतच तर आहेस."

"वहिनी, ऐक. वर धूर जास्त जाणार. जा."

मी कुलूप खाली टाकले व पिंजरा वर घेतला. मला कोणी परवानगी दिली नव्हती. नववा मजला आला तेव्हा तो गेटपाशी उभा होता. मी पिंजरा थांबवला नाही. त्याने हाताने वर जा अशी खूण केली.

बाराव्या मजल्यावर आठ जण होते, त्यांत पाच बायका. सगळे पिंजऱ्यात आले. खाली येताना नवव्यावर थांबून मी गेट उघडले. तोपर्यंत तिथे धूर इतका झाला होता की गेटपलीकडचे दिसत नव्हते. त्यातून दिराच्या हाताखालचे दोन फिटर बाहेर आले. एकाला आम्ही चष्मेवाला म्हणतो, दुसऱ्याला लंबू. मी विचारले, "तो कुठाय?" चष्मेवाला म्हणाला, "मागच्या खोलीत टाइल्सवाला आहे. कानाला ते आवाज अडवायचं लावून बसलाय, त्याला सायरन ऐकूच गेला नाही. त्याला आणायला गेलाय."

मी दिराला फोन लावला. फोनमध्ये वेळ ११.५१ आहे आणि बोलणे एकोणीस सेकंदांचे आहे. तो खोकत होता. म्हणाला, "सापडला. दोन मिनिटं, आलोच." एवढेच बोलणे झाले.

पिंजऱ्यात माझ्यासह अकरा जण होतो. धूर आत येत होता. प्लास्टरवाल्यांपैकी एक बाई माझ्या पायांवर पडली आणि उठली नाही. लोक ओरडत होते, "चल, बाई, चल, मारतेस का सगळ्यांना!" कोणीतरी लिफ्ट चालवायच्या दांड्याला हात घातला, त्या हातावर मी मारले. मी दिराला त्याच्या नावाने हाका मारल्या. किती वेळ थांबले ते मला सांगता येत नाही. चष्मेवाला म्हणतो एक मिनिट. लंबू म्हणतो पाच. मी मोजले नाही. त्यानंतर मी गेट ओढले, कडी घातली आणि पिंजरा खाली घेतला.

वॉचमनच्या वहीत आम्ही उतरल्याची वेळ ११.५६ आहे. पडलेली बाई खाली आल्यावर शुद्धीवर आली. मी लगेच एकटी पुन्हा वर निघाले. दुसरा मजला ओलांडल्यावर पिंजरा थांबला. सुपरवायझरनी मेन स्विच बंद करायला लावला होता. मी वरून ओरडले. इलेक्ट्रिशियन स्विच परत चालू करायला गेला, ते मी वरून पाहिले. सुपरवायझर त्याच्या आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "आग लागली की मेन बंद, असं कागदावर लिहिलंय. मी डोक्यावर घेणार नाही." कागदावर तसे लिहिले होते हे खरे आहे. मी खांबाच्या शिडीने खाली उतरले.

१२.०५ वाजता अग्निशमन दलाची गाडी आली. त्यांनी इमारतीच्या पायथ्याशी आमच्या उभ्या पाइपला नळी जोडली व पाणी सोडले. ते सहाव्या मजल्यावरच्या उघड्या तोंडातून बाहेर पडले आणि जिन्यातून खाली आले. आग सातव्यावर होती. मग त्यांनी नळ्या खांद्यावर घेऊन चढवल्या. त्यात किती वेळ गेला ते त्यांच्याकडे लिहिलेले असेल.

दुपारी १.१० वाजता दीर आणि टाइल्सवाला दोघेही नवव्या मजल्यावर मिळाले. गेटपासून चार फुटांवर होते. टाइल्सवाल्याच्या तोंडावर ओला शर्ट बांधलेला होता. शर्ट दिराचा होता. मला दाखवल्यावर मी तो ओळखला, कारण त्याच्या खिशाची शिवण मी घातलेली आहे.

१४ तारखेला संध्याकाळी सुपरवायझर आमच्या खोलीवर आले. सासूबाई आत झोपल्या होत्या. ते म्हणाले, "पाइप नवव्यापर्यंत झाला होता, असं तू सांग. सहाव्याचं जोडणं राहिलं, एवढंच." मी म्हटले, "पाइप आलेच नव्हते." ते म्हणाले, "हे बघ, काम त्याच्याकडे होतं. काम झालं नव्हतं म्हणालीस, तर बोट त्याच्याकडेच जाणार. मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस?" माझे पती तिथेच उभे होते. त्यांनी दार उघडून धरले. जाताना सुपरवायझर म्हणाले, "आणि तू त्याला सोडून आलीस, हेपण विचारतील तुला." मी म्हटले, "विचारू देत."

१५ तारखेला मी साइटच्या फाटकापर्यंत गेले तेव्हा ऑफिसबाहेरच्या फळ्यावर जुना कागद नव्हता. नवा होता, त्यावर पाइप नवव्या मजल्यापर्यंत असल्याची खूण होती. जुन्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. त्यावर सेफ्टी साहेबांच्या अक्षरात, 'पाइप सहावा मजला, माल नाही, काम थांबवावे' असे लिहिले असून तारीख घटनेच्या नऊ दिवस आधीची आहे. फोटो दिराने माझ्या फोनवर पाठवला होता, खाली हसण्याचे चित्र टाकून. फोन मी तपासासाठी जमा करत आहे. त्यातले त्याचे आवाजाचे निरोप पुसले जाऊ नयेत, एवढी विनंती आहे. सासूबाई ते ऐकायला मागतात.

माझ्यात आणि दिरात काही भांडण होते का, असे मला विचारण्यात आले. नव्हते. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. सासूबाई मिलमध्ये पाळीवर जायच्या, तेव्हा त्याची आंघोळ, डबा, अभ्यास मीच पाहिला. तो गणितात कच्चा होता. त्याच्यासाठी पुढच्या महिन्यात मुलगी पाहायला जायचे ठरले होते.

नियम मोडून लिफ्ट का चालवली, असेही विचारण्यात आले. वरून फोन आला म्हणून चालवली. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. पण सहाव्याच्या वर पाइप नव्हता, जिना भरलेला होता आणि तो भरायला मीही हात लावला, हे तिन्ही लिहून घ्यावे. मी अर्धे सांगितले तर उरलेले दुसरे कोणी भरेल.

टाइल्सवाल्याची बायको काल ठाण्याच्या व्हरांड्यात भेटली. ती मला ओळखत नव्हती. तिने विचारले, "तिथं होता का तुम्ही?" मी हो म्हटले. तिने विचारले, "हा एकटाच होता का शेवटी?" मी सांगितले की नव्हता, माझा दीर त्याच्याजवळ होता. तिने माझा हात धरला. लिफ्ट चालवणारी मीच, हे मी तिला सांगितले नाही. ते आज या जबाबात सांगितले आहे, तो तिला वाचायला मिळाला तर माझी हरकत नाही.

माझा जबाब मी बोलले तसा लिहून घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना एका ठिकाणी 'दीर वेळेत आला नाही' असे आले होते. तो आलोच म्हणाला होता, तो येत होता. मी थांबले नाही. म्हणून माझ्या सांगण्यावरून ते वाक्य खोडून 'मी गेट ओढले' असे लिहिले आहे. त्या खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी मजकूर बरोबर आहे.