रंगीत झेरॉक्स

महागावच्या सेतू केंद्रात बारावीच्या पोरांच्या जात पडताळणीसाठी रांग लागली होती. माझ्या पुढं एकाच तांड्यातल्या दोघी उभ्या होत्या, उज्ज्वला आणि म्हाताऱ्या बिजलीकाकी.

“काकी, माह्या जावेच्या प्रणालीचा नंबर लागला पुण्याले. इंजिनेरिंगले.”

“मंग? पेढा खाल्ला का नाही?”

“दात दुखते म्हणून सांगतलं.”

“दुखते का?”

“नाही दुखत.”

“काहून वो असं? पोरगी चांगली हाय. तांड्यातल्या समद्या पोराईचे फारम भरून देऊन राह्यली.”

“देते ना. देवळाच्या ओट्यावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, सगळ्याईले दिसन असं. घरात जागा नाही का तिले?”

“तुया आदेशचाबी तिनंच भरला म्हणे.”

“भरला. त्याले म्हणते, ‘दादा, पसंतीचं पहिलं कॉलेज इचार करून टाक.’ दोन महिन्यानं मोठा हाय तो तिच्याहून. त्याले अक्कल शिकवते!”

“आता कायचं अडलं मंग?”

“जात पडताळणीचं. बापाकडच्या नात्यातल्या कोणाची झाली असन, तं तो दाखला जोडा म्हणते. काम लवकर होते.”

“तुमच्यात कोणाची झाली?”

“तिचीच.”

“मंग मागाले गेलती का तू जावेकडं?”

“म्या कायले जाऊ? पोरगीच आली सकाळी घेऊन. तीन-तीन झेरॉक्स, त्याबी रंगीत.”

“बरं केलं ना माय तिनं.”

“कायचं बरं? काळ्या-पांढऱ्या चालत नव्हत्या का?”