दोष आढळला नाही

छे छे, रिकॉल म्हणायचं नाही! तो शब्द मोटारींसाठी, औषधांसाठी. कॅमेऱ्याच्या कंपन्या तो तोंडातून काढत नाहीत. 'ग्राहकांसाठी तांत्रिक सूचना' — हे त्याचं नाव. आणि ती असते कुठे? वेबसाइटच्या तळाला, बारीक अक्षरात. अमुक नंबरपासून तमुक नंबरपर्यंतच्या कॅमेऱ्यांत क्वचित प्रसंगी फोटोचा काही भाग काळा येण्याची शक्यता आहे, तसदीबद्दल क्षमस्व. क्वचित प्रसंगी! ज्याच्यावर येतो त्याच्यासाठी कसलं आलंय क्वचित? — बसा ना, उभ्या का? स्टूल डुगडुगतं, पण पाडत नाही कुणाला. मराठी बोलता म्हणून बरं वाटलं हो. कोलकात्याच्या या चांदनी बाजारात दिवसभर 'दादा' आणि 'भाईसाब' ऐकून कान किटतात. घरी? घरी कोण आहे? वृंदा, माझी बायको, गेल्यापासून मी टीव्हीवरच्या बातम्यांना मराठीत शिव्या घालतो, तेवढाच जिभेला व्यायाम.

वाचा तुमच्या कॅमेऱ्याचा नंबर. — हां, याच गटातला. मला कसं पाठ? अहो, अठरा वर्षं होतो त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, पार्क स्ट्रीटच्या मागे. एसी, काचेचा दरवाजा, गळ्यात ओळखपत्र. मग लोक मोबाइलवर फोटो काढायला लागले, सेंटर बंद झालं, आणि मी इथे, घड्याळवाल्याच्या दुकानात अर्धं टेबल घेऊन. कंपनीचं नाव नाही घेत बरं का मी. सवयच लागलीय. तर सूचना निघाली की आम्हाला आतलं वेगळं सर्क्युलर यायचं. त्यात काय? ग्राहकाने स्वतः विचारलं तर शटर फुकट बदलून द्या. आणि नाही विचारलं तर? तर गप्प बसा. म्हणजे जो विचारत नाही त्याचा कॅमेरा ठणठणीत! शटर बदललं की बॅटरीच्या कप्प्यात, आत, एक हिरवा ठिपका द्यायचा — पुढे कुठल्याही सेंटरला गेला तरी कळावं, याचं काम झालंय. ठिपका दिसला की कुणी कॅमेरा उघडतच नाही. आणि शटर आली किती, सांगा बघू? आख्ख्या कोलकात्याला सहा. सहा! ती सहाही पेपरवाल्यांना. का? त्यांनी बोंब मारली तर ती छापून येते. लग्नात फोटो काढणारे काय, थांबतील. आणि वर महिनाअखेरीला दिल्लीहून फोन — पेंडिंग किती? शून्य करा. अहो, शटर पाठवा की आधी! ते नाही. शून्य करा.

आणा इकडे, ठिपका आहे का बघू. बॅटरी काढतो हं — आहे की! झालंय याचं काम, उगाच काळजी करत हो—

जरा तो दिवा इकडे वळवा.

हा कॅमेरा कुणाचा? बाबांचा? बाबांचं नाव काय? — शशिकांत. बजबजला राहणारे? शशिकांत मोघे? — अगं, मग तू रुचा! आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकाच्या परातीपाशी ठाण मांडून बसायचीस, एवढीशी. आता अहोजाहो बंद. काय करतेस? सेक्टर फाइव्हला, आयटीत नोकरी, वा. आणि शशी? — कॅमेऱ्याला हातच लावत नाही? म्हणजे... तेव्हापासून? अकरा वर्षं? मग घर कसं — बरं, बरं, पतपेढीत चिकटला. शशी आणि पतपेढी! देवा. आणि तू नेटवर ती सूचना वाचलीस, तुला वाटलं बाबांचं काही चुकलंच नसेल, कॅमेराच तसा असेल. हुशार आहेस. मग बाबांना विचारायचंस... विचारलंस? काय म्हणाला?

'श्यामने तपासलाय.' असं म्हणाला? अजून? श्यामने तपासलाय, कॅमेऱ्यात दोष नाही, माझाच हात गेला — अगदी याच शब्दांत? — तो श्याम मीच गं.

थांब, चहा सांगतो. नको? मला हवाय गं, एकच मागवतो. — ए दादा, एकटा चा! — हे बघ, ठिपका. नीट बघ, दिव्याखाली धर. चमकतोय ना? कंपनीच्या रंगात चमकी नसायची. ती बाटली शटरांबरोबर यायची, मॅनेजरच्या कपाटात कुलपात. एक शटर, एक ठिपका, असा हिशेब. ही नेलपॉलिश आहे. वृंदाची. हळदीकुंकवाला हौसेनं आणलेली. तिनं विचारलंसुद्धा, तुम्हाला कशाला हो नेलपॉलिश? म्हटलं, ऑफिसात खुणेला. खोटं नव्हतं ते. शशीने कॅमेरा टाकला होता माझ्याकडे — मीच सांगितलं होतं त्याला टाक म्हणून, सर्क्युलर धाब्यावर बसवून, मित्र ना माझा! पण शटर नव्हतं. शुक्रवारी त्याला मोठ्या लग्नाचं काम, आणि माझा महिनाअखेर. मी काय केलं? ठिपका दिला, पेंडिंग शून्य केलं, कॅमेरा त्याच्या हातात ठेवला. झालं म्हटलं, शशी, नवंकोरं शटर. म्हटलं पुढचा लॉट आला की गुपचूप बोलावून बसवून टाकू. तीन आठवड्यांत आलाही गं लॉट. लग्न मात्र त्याच शुक्रवारी होतं.

तुला ठाऊकच आहे काय झालं ते. बंगाली लग्नातली शुभदृष्टी, नवरानवरीची पहिली नजरभेट. नवरी पाटावर बसून येते, तोंडापुढे विड्याची पानं, ती खाली घेते ती एकदाच — परत घे म्हणता येत नाही. शशीने सात फोटो काढले आणि सातही फोटोंत काळा पट्टा, नेमका डोळ्यांवर. बरं, पट्टा तरी कसला? फ्लॅश लावून शटरचा स्पीड चुकला की अस्साच येतो. नवशिक्याची चूक, पहिल्या महिन्यातली. म्हणून तर लोक हसले ना! तीस वर्षं लग्नं काढलेला माणूस, आणि स्पीड बघितला नाही? दुसऱ्या दिवशी आला माझ्याकडे. रडत नव्हता, मी म्हणतो रडला असता तर बरं होतं. म्हणाला, श्याम, तूच बघ रे, याचं चुकलं की माझं? तू सांगशील ते खरं.

मी दहा फोटो काढून बघितले. आठव्यात पट्टा आला. मी तो पुसला.

असं बघू नकोस माझ्याकडे. — नाही, बघ. बघच. काय म्हणणार होतो मी? ठिपका खोटा आहे? नोकरी गेली असती — ही झाली सबब. शशी शिव्या देईल, दोन महिने बोलणार नाही, याचीच भीती जास्त वाटली मला. दोन महिन्यांची! आणि मग मीच मंडळात जायचं बंद केलं. गणपतीत नाही, दिवाळीत नाही. कोलकात्यात आपली माणसं ती अशी किती, त्यातली सगळी मी टाकली, एक शशी समोर येऊ नये म्हणून. वृंदाला वाटायचं आमचं भांडण झालंय. ती गेली तेव्हा शशी आला होता, माहीत आहे? खांदा दिला त्याने. मी मान वर करून बघितलं नाही.

त्याच्या बॅगेत एक कागद असेल बघ, पिवळा, जॉबशीट — आहे? जपून ठेवलाय. दे. हे माझं अक्षर. 'दोष आढळला नाही.' खाली सही, शिक्का. कंपन्या इतकी वर्षं हेच लिहीत आल्यात, मीही लिहिलं. दोष आढळला नाही. पेन कुठे गेलं? याच्याच खाली लिहितो. — हे घे, वाच मोठ्यानं — नको, राहू दे, मीच वाचतो. 'शटर बदललं नव्हतं. ठिपका मी खोटा दिला. तपासताना आठव्या फोटोत पट्टा आला, तो मी पुसला. शशीच्या हातात दोष नाही. श्यामकांत.' तारीख घालतो आजची.

आणि हे पाकीट. अकरा वर्षं सांभाळलंय, आधी सेंटरला, आता इथे खालच्या खणात. वर नाव बघ, 'शशी'. सील फोडलेलं नाही, नवं शटर आहे आत. कॅमेरा ठेवून जा, उद्या बसवून ठेवतो. शशीलाच पाठव न्यायला. म्हणावं, चहा घेऊन जा, श्याम वाट बघतोय. सहापर्यंत असतोच मी, सातपर्यंत थांबेन—

नको?

बरं. बरोबर आहे तुझं. माझा हात नको लागायला. मागच्या गल्लीत अनीश बसतो, चांगला मुलगा आहे, त्याच्याकडून बसवून घे, अर्ध्या तासाचं काम. पाकीट घे. कागद घे — तो आधी. माझ्याकडून निरोप वगैरे काही सांगू नकोस, नुसता कागद दे हातात. आणि आजच दे, उद्यावर टाकू नकोस. ऊठ, ऊठ, बजबजची गाडी चुकेल तुझी.

जा गं तू. — हां भाईसाब, आइए, बैठिए. दिखाइए. क्या खराबी है?