खट् आवाज

गोरेगावहून हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये माझ्या पुढं दोन फोटोग्राफर बसले होते, आदल्या दिवशीचं लग्न उरकून निघालेले.

"संतरामभाऊ, नव्या मिररलेस कॅमेऱ्याचा आवाजच येत न्हाई."

"व्हय. आपला जुना डीएसएलआर खट् करायचा. काहून?"

"अक्षता, सप्तपदी, सगळं नव्यानंच काढलं. स्क्रीनवर फोटो दिसतबी होते."

"मग?"

"मेमरी कार्ड जुन्यातच राहिलं, हळदीच्या फोटोसंगं."

"बिनकार्डाचा चाललाच कसा? जुना तर बटणच दाबू देत नव्हता!"

"हा चालतो, भाऊ, फोटो दावतो पण साठवत न्हाई. आत्ता कळलं."

"हळदीच्या फोटोत नवरीची आई हाय का?"

"न्हाई. तिला लग्नापुरतंच दवाखान्यातून आणलं होतं."

"तिच्यासाठीच तर पोरीनं लग्न लवकर उरकलं रे, विश्वजीत!"

"भाऊ, पोरीचाच फोन येऊन राहिला. तुमी उचला ना."