दिसणारा आवाज

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर नववा होता. पुढच्या बाकावर एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ लॅपटॉपवर वाकले होते. दोघं इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला वेगळे कान टवकारावे लागले नाहीत.

“ताई, यातला कुठला सिंथेसायझर घेऊ? दोन्ही वेव्हटेबलवालेच आहेत.”

“मला मेलीला काय कळतंय? मी त्याला अजून पेटीच म्हणते.”

“पेटीच आहे, कॉम्प्युटरातली. आत आवाजाच्या लाटा भरलेल्या असतात. एका लाटेतून दुसरीत सरकलं की आवाज बदलतो.”

“मग ज्याचा आवाज गोड, तो घे.”

“पहिल्याचा गोड आहे म्हणतात.”

“म्हणतात काय? तुला कान नाहीत?”

“दुसऱ्यात लाट पडद्यावर दिसते. हलताना, मुरडताना, सगळी.”

“दिसून काय करायचंय? गाणी बनवतोस की सिनेमे?”

“वरचे सूर मला ऐकूच येत नाहीत गं आता.”

“मळ साचला असेल.”

“हे तिसरे डॉक्टर आहेत, ताई. आधीचे दोघं म्हणाले, उरलेलंही हळूहळू जाईल.”

“म्हणून फोनवर नुसतं हो हो करतोस होय? मला वाटायचं, भाव खातोस.”

“परवा दुसरा फुकट वापरून बघत होतो, तेव्हा तुझा आवाज घातला त्यात. फोनवर पाठवला होतास, तो. त्याचीही लाट होते.”

“कशी दिसते?”

“भांडकुदळ. पण लगेच ओळखू येते.”

“मग दुसराच घे. मी रोज काहीबाही बोलून पाठवत जाईन. तू बघत जा.”