बऱ्यांची बशी

पुसू नकोस म्हणते ना तो बाण! — माझ्याच टेबलावर बसून माझ्यादेखत खोडरबर चालवतेस? आधी सांग, माझं चुकलं कुठे? माझं औषध सुरू झालं तेव्हा तूच याच कागदावर चार चौकोन काढलेस — जंतू शिरलाय पण झोपलाय तो एक, आजार उसळला तो दुसरा, बरे झाले तो तिसरा, गेले तो चौथा — आणि म्हणालीस, आजी, दर महिन्याला किती माणसं कुठून कुठे सरकतात, एवढंच आमचं टीबीचं गणित. एवढंच! म्हटलं, बघू तरी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही मी, अक्षरं शिकले ती शिवणाच्या नमुन्यांवरून — पण चार बशा मांडल्या, बटणांचा डबा उपडा केला आणि बसले सरकवत. हसू नकोस. तुझ्या संगणकाला वीज लागते, मला बटणं.

आणि झालं काय? थोड्या फेऱ्यांत सगळी बटणं दोनच बशांत — बऱ्यांच्या आणि गेलेल्यांच्या. पुढे सरकवायला काही नाहीच. मी बशांकडे बघतेय, बशा माझ्याकडे. आमचे हे याच आजाराने त्या बशीत, मी या बशीत — आणि दोन्हींना कुणी हात म्हणून लावायचा नाही? म्हणून काढला मी बाण, बऱ्यांतून परत आजाराकडे. उलटतो की हा रोग! — काय? तुमच्या गणितातही आहे तो बाण, पण माझ्यासाठी नाही? थुंकी स्वच्छ, छातीचा फोटो स्वच्छ, वजन वाढलं — वाढणारच! तू येणार म्हणून दोघींचं रांधायचं, तू घोटभर चहा घेऊन पळायचं, मग उरलेलं कोण खातं?

आणि परवा फोनवर खोकत होती ती कोण? मीच ना? आज नाही खोकला, म्हणून परवाही नव्हता? खोकला काय तुझी वेळ विचारून येणार? — अशी बघू नकोस माझ्याकडे. डॉक्टर नाहीस तू, आकडेवाली आहेस.

काय म्हणालीस? — परत म्हण. काम संपलं तरी येत जाईन, अशीच? अशीच म्हणजे? हे आजारी पडले तेव्हा अशीच येणारी माणसं पुष्कळ होती. आधी आत येऊन बसायची, मग दारातून बोलायची, मग रस्त्यावरूनच हाक — 'बरं आहे ना?' — आणि मी खिडकीतून हो म्हणायचे. ते आत धापा टाकतायत आणि मी आपली हो, हो. कामाला आलेल्या माणसाशी भांडता तरी येतं, पोरी. अशीच आलेल्याचे आभार मानत बसावं लागतं. नको मला. परवाच्या खोकल्यासाठी आणलीस ना, थुंकीची ती डबी घाल पिशवीत, काही निघायचं नाही त्यातून.

बरी आहे मी — लिही, आणि नीघ.