दोरीशिवाय जाळं विकत नाही

माझा जन्म नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावरच्या वस्तीतला. आम्ही भोई. बाप नदीत जाळं टाकायचा, आई टोपली घेऊन बाजारात बसायची आणि आम्ही तिघी बहिणी घरी जाळी विणायचो. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पण जाळ्याची सुई पाचव्या वर्षीच हातात धरली. बाप म्हणायचा, सरू, जाळ्याचे डोळे सगळे सारखे आले पाहिजेत आणि दोरीवर चढवताना झोळ ठेवला पाहिजे. झोळ म्हणजे काय ते सांगते तुम्हाला. शंभर हात जाळं असलं तर ते साठ हात दोरीवर बांधायचं, म्हणजे ते सैल राहतं, त्याला चुण्या पडतात, मासा येऊन टेकला की चुण्यांत गुंततो. ताणलेल्या जाळ्याला मासा नाक लावतो आणि मागं फिरतो. ढिलं जाळं धरतं, ताणलेलं जाळं परत पाठवतं, हे बापाचं बोलणं मी पन्नास वर्षं डोक्यात ठेवलं आणि नको तिथं वापरलं, ते पुढं येईल.

लग्न करून हैदराबादला आले. नवरा बेगम बाजारात हमाली करायचा. त्याची पाठ गेली तेव्हा मी एका दोरवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून जाळी विणायला लागले. विणताना लोक बघायचे, बघता बघता घ्यायचे. दोरवाला म्हणाला, पायरी माझी आहे, भाडं दे. मी म्हटलं, माझ्यामुळं तुझी दोरी किती खपते ते आधी सांग. तासभर भांडलो. शेवटी भाडं राहिलं बाजूला, दोरीच त्यानं मला स्वस्त दिली. पुढं त्याच ओळीत मी माझं दुकान टाकलं. लोक मला जालीवाली अम्मा म्हणतात. माझं तोंड तिखट आहे हे मला माहीत आहे. एकदा एका गिऱ्हाइकानं माल हलका आहे असं चारचौघांत म्हटलं, तर मी त्याचाच गठ्ठा उचलून रस्त्यावर टाकला आणि म्हटलं, जावो, दूसरी दुकान देखो. संध्याकाळी तोच परत आला. भाव मी तेव्हाही सोडला नाही.

हाताची जाळी गेली, नायलॉन आलं. आधी तळ्यांवरचे लोक यायचे, मग समुद्राकडचे यायला लागले. माझी गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथले. तिकडं खारफुटीचं रान आहे, खाडीच्या काठानं उगवतं ते, आणि त्याला लागून माणसांनी तळी खोदून खाऱ्या पाण्यातले मासे पाळलेत. त्यातलाच एक सत्यम गारू, गारू म्हणजे तेलुगूतलं राव. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. वर्षातून दोनदा यायचा, चहा प्यायचा, तेलुगूत भाव पाडायचा, मी हिंदीत चढवायची. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्या रांगेत जेवले आहे.

त्याचा एकदा फोन आला. अम्मा, पाणमांजरं घुसतात. खाडीतून येतात, आठ-दहाचा कळप, एका खेपेत किती मासे मारतात, नुसती पोटं खाऊन टाकून देतात. वनखात्याला सांगितलं तर म्हणतात, तो संरक्षित प्राणी आहे, हात लावायचा नाही. त्यांना कायदा सांभाळतो, माझ्या माशांना कोण सांभाळतं?

आता मला पाणमांजर नवं नाही. लहानपणी आमच्या डोहात होती. जाळं फाडायची तेव्हा बाप शिव्या द्यायचा, इतक्या की आई कानावर हात ठेवायची, पण त्यानं कधी काठी उगारली नाही. म्हणायचा, ते आपल्यापेक्षा जुनं भोई आहे, नदी आधी त्याची. मला हे आठवलं होतं का त्या दिवशी? खरं सांगते, नाही आठवलं. मला दिसलं गिऱ्हाईक. मी म्हटलं, सत्यम, कुंपण घाल जाळ्याचं, माल पाठवते. आणि त्यानं विचारलं, बांधू कसं, तर माझ्या तोंडून बापाचंच बोलणं निघालं. म्हटलं, झोळ ठेव भरपूर. का म्हटलं? सवयीनं. जन्मभर जाळं म्हणजे धरायचं एवढंच शिकलेली बाई, अडवायचं जाळं वेगळं असतं हे तिच्या ध्यानात कुठून येणार.

आठवड्याभरात वनखात्याच्या रेंजर बाईंचा फोन. तुमच्या जाळ्यात पाणमांजराची मादी मेली आहे. तळ्याच्या मालकानं जबाबात तुमचं नाव दिलं आहे, असं बांधायला अम्मानंच सांगितलं म्हणून. या आणि तुमचा जबाब द्या.

काय सांगू तुम्हाला, माझं डोकं असं फिरलं. मादीबद्दल नाही, सत्यमबद्दल. वीस वर्षं माझा चहा पिला आणि वनखात्यासमोर माझं नाव टाकून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी बसनं गेले. वाटभर मनात त्याला सोलत होते.

पण तळ्याच्या बांधावर गेले आणि आधी जाळंच बघितलं. जाळं तसंच होतं, फक्त मादी काढायला एका जागी कापलेलं. किती सुरेख बांधलं होतं, काय सांगू, माझ्या बापानं बांधल्यासारखं, साठ हातांवर शंभर हात, एकसारख्या चुण्या. आणि कापलेल्या जागेखाली माती उकरलेली, हातभर खोल, चारी बाजूंनी. ती किती वेळ धडपडली असेल ते त्या मातीवरून कळत होतं. रेंजर बाई म्हणाल्या, हे कुंपण नाही, हा सापळा आहे. मी त्यांच्याशी भांडायला गेले होते. मी म्हटलं, हो.

मग सत्यमकडं वळले आणि मराठीतच शिव्या दिल्या, त्याला कळल्या सगळ्या. तो म्हणाला, अम्मा, मी खोटं बोललो का? तूच सांगितलंस ना झोळ ठेव? ते तर खरंच होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

रेंजर बाईंनी सांगितलं, हे जाळं आजच काढा. सत्यम म्हणाला, काढतो, पण मग मी मेलेल्या माशांत औषध भरून बांधावर ठेवीन, कोणी ठेवलं ते तुम्हाला कधी कळणार नाही. बाईंच्या तोंडावर म्हणाला हं. शेजारची तळीवाली माणसं उभी होती, त्यांच्याकडं बघून मला कळलं की हा एकटाच बोलला, मनात सगळ्यांच्या आहे. म्हणजे माझ्या एका बोलण्यानं एक मेली होती, आणि आता अख्खा कळप जाणार होता.

मी म्हटलं, थांबा. भाव करायचा तर मला करू द्या. बाईंना म्हटलं, मला एक महिना द्या. सत्यमला म्हटलं, एक महिना तू औषधाला हात लावायचा नाहीस, तोवर तळ्यावर राखण ठेव, जाळं मी आणते, माझ्या हातानं बांधते, तरीही मासे गेले तर पुन्हा बेगम बाजारात मी जाळं विकणार नाही. तो हसला. म्हणाला, अम्मा, तुला विकल्याशिवाय झोप येते का? मी म्हटलं, म्हणूनच पैज लावते.

दुकानात आले आणि बापाचं बोलणं उलटं धरलं. जाड दोऱ्याची, बारीक डोळ्याची जाळी घेतली, डोकं शिरणार नाही अशी. शंभर हातांची जाळी शंभर हात दोरीवर, वर एक दोरी, मध्ये एक, खाली एक, बोट मारलं तर तंबोऱ्यासारखी वाजली पाहिजे. पहिल्यांदा सगळी चुकली. हात ऐकेनात, आपोआप झोळ सोडत होते. उसवलं, पुन्हा बांधलं. आणखी एक केलं, खाली दोन हात जाळी जास्त सोडली. ती बाहेरच्या अंगाला मातीवर आडवी अंथरायची आणि वर माती टाकायची. पाणमांजर कुंपणाला लागूनच उकरतं, मी ती माती बघितली होती ना. उकरलं की खाली पुन्हा जाळीच.

महिना भरायच्या आत जाऊन बांधलं. सत्यमचे गडी ताणत होते, मी ओरडत होते. दुसऱ्या दिवशी फटफटताना आम्ही तिघं, मी, सत्यम आणि रेंजर बाई, पलीकडच्या बांधावर बसलो. आली. सहा होती. पुढचं एक मागच्या पायांवर उभं राहिलं, दोन्ही हात जाळीवर ठेवले, अगदी दार ढकलतात तसे. जाळी थरारली आणि हात परत आले. खाली उकरलं, नाक मारलं, शिंकलं. मग कुंपणाच्या कडेकडेनं चालत सगळी खाडीकडं गेली, एकमेकांशी किचकिच करत, माझं गिऱ्हाईक भाव न पटल्यावर जातं तशी. सत्यमनं मला स्वतःच्या डब्यातली इडली दिली.

आता तिकडं तळ्याच्या त्या ओळीत बऱ्याच जणांकडं माझं कुंपण आहे. मध्ये म्हणे कुठं मोठी सभा झाली, कोणी शिकलेल्या माणसानं पडद्यावर ते कुंपण दाखवलं, तज्ज्ञांनी तयार केलं म्हणून. रेंजर बाईंनी फोटो पाठवला. खालच्या दोरीची गाठ माझी होती, मी ओळखली. तज्ज्ञ कोण, हे मी एक दिवस जाऊन विचारणार आहे. मादी मेल्याचा कागद अजून वनखात्याच्या ऑफिसात आहे आणि त्यावर नाव सत्यमचं आणि माझं. तिथं मात्र तज्ज्ञांचं नाही. असू दे. जे माझं आहे ते माझं आहे, दोन्हीकडचं.

एवढंच केलं मी. कुंपणाची जाळी आता सुटी विकत नाही. दुकानातच दोरीवर चढवून, माझ्या डोळ्यांसमोर ताणून, मगच गठ्ठा बांधते. गिऱ्हाइकं म्हणतात, अम्मा, दोरी नक्को, आम्ही घरी बांधून घेऊ, तेवढं कमी करा. बाकी कशाचाही भाव करा, मी दिवसभर बसते तुमच्याशी. दोरीचा नाही.

आज सकाळीच सत्यमचा फोन होता. शेजारी नवं तळं घेतलंय, म्हणाला, खाडीतली माझी पोरं वाढली आहेत. पाणमांजरांना पोरं म्हणतो हल्ली. त्यांना खाडीत पोटभर मिळो आणि ह्याच्या तळ्याला बरकत येवो, दोघांचंही मी मनापासून चिंतते. पण मग म्हणतो कसा, अम्मा, वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे, मला तरी दोरीशिवाय दे. मी फोन ठेवून दिला. येईल उद्या परवा, बसेल पायरीवर, चहा पिईल. जाळं मी ताणूनच ठेवलं आहे.