देवाला सांगितलेली बातमी

टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या बंदरावर, बोटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी उभ्या होत्या.

"फुसी, काल टीव्हीवर बातम्या द्यायला तुझी लेक सेइनी होती ना गं? राजवाड्यापुढच्या मोर्च्याची बातमी कापणार होते म्हणे!"

"कापलीच! वर सरकारी तपासनीस स्टुडिओतच, प्रक्षेपण तोडायच्या बटणावर बोट ठेवून बसला."

"मग आम्हाला कळलं कसं?"

"बातम्यांआधी प्रार्थना असते ना? पोरीने अख्खा मोर्चा देवालाच सांगितला. लोक काय मागतायत, कोणाकोणाला पकडलं, सगळं!"

"अगं बाई! आणि तो?"

"प्रार्थना मधेच तोडतो का कोणी? डोळे मिटून, मान खाली घालून बसला."

"पण आता नोकरी जाईल गं तिची."

"काढून तर बघू देत! शेवटी सगळ्यात मोठ्यांदा 'आमेन' त्यानेच म्हटलं. देशभर ऐकू गेलं!"